पोराला सिनेमाला आणताय? पालक हमखास विचारतात ते प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या हॉलवर लहान मुलांना सिनेमे दाखवतो. तिकिटांपेक्षा चौकशाच जास्त येतात, आणि त्यातली निम्मी एकाच गोष्टीची असते: "त्यात काही भ्या वाटण्यासारखं नाही ना ओ?" फोनवर घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथं लिहून ठेवलंय. सगळं तीन ते आठ वर्षांच्या मुलांना धरून आहे.

सिनेमाला 'यू' सर्टिफिकेट आहे. मग निर्धास्त राहायचं ना?

'यू' म्हणजे कुणीही बघायला हरकत नाही, एवढंच. तीन वर्षांच्या पोराला तो झेपेल असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. सेन्सॉर, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, १९५२ च्या कायद्यावर चालतं आणि त्याचं लक्ष मारामारी, रक्तपात, शिव्या, व्यसनं, अंगप्रदर्शन असल्या गोष्टींवर असतं. पडद्यावर आई पोराला घरी ठेवून गाडीत बसून निघून गेली, तर त्यात सेन्सॉरला हरकत घेण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पोराला मात्र नेमकं तेच लागतं.

'यूए' हा मधला वर्ग १९८३ साली आला. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी विचार करावा, असा त्याचा अर्थ होता. २०२३ च्या दुरुस्तीनं त्याचे 'यूए ७+', 'यूए १३+' आणि 'यूए १६+' असे तीन भाग झाले. आपल्या कामाचा पहिला. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही 'यूए ७+' ला आलात तर दारावरचा माणूस अडवू शकत नाही, कारण तो आकडा पालकांसाठी आहे, थेटरवाल्यासाठी नाही. 'ए' चं वेगळं. तिथं अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. सर्टिफिकेट सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर येतं, तेव्हा आपण सगळे अंधारात खुर्च्या चाचपत असतो.

मग मुलं घाबरतात कशाला?

वयावर आहे, आणि मोठ्यांचा अंदाज इथंच चुकतो.

साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्याला भितं. चेहरा अचानक बदलला, डोळे लाल झाले, ओळखीचा माणूस बघता बघता राक्षस झाला, की संपलं. तो राक्षस मनानं चांगला आहे हे मागाहून कळलं तरी उपयोग नसतो. उलट दिसायला देखणी आणि मनानं दुष्ट बाई समोर असली तर पोरं आरामात बघत बसतात. त्यानंतरच्या वयात गाडी उलटी फिरते. आठ-नऊ वर्षांचं पोर भुताला हसतं, पण चोर घरात शिरतो, आग लागते, आई दवाखान्यात जाते, असल्या खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींनी अस्वस्थ होतं.

सगळ्या वयांना सारखी लागणारी गोष्ट एकच: चुकामूक. गर्दीत हात सुटणं, घरापासून लांब पडणं, हाका मारूनही कुणी न येणं. लहान मुलांच्या जवळजवळ प्रत्येक सिनेमाची गोष्ट तिथूनच सुरू होते, कारण पोर घरीच राहिलं तर साहस कसलं! म्हणून "यात राक्षस आहे का?" असं मला विचारण्यापेक्षा "यात मूल एकटं पडतं का, आणि किती वेळ?" असं विचारा. राक्षस दोन मिनिटांत जातो. एकटेपण कधी कधी अर्धा सिनेमा चालतं.

सिनेमात आई किंवा बाप मरतो. पोराला आधी सांगावं का?

सांगावं. यावर आमच्याकडं दोन मतं नाहीत.

मुलांच्या सिनेमात मरण कमी असतं, हा आपला गोड गैरसमज आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली एक पाहणी आली होती. १९३७ ते २०१३ या काळातले मुलांचे ४५ गाजलेले अ‍ॅनिमेशनपट घेतले आणि त्याच त्या वर्षांतल्या मोठ्यांच्या सिनेमांशी ताडून पाहिले. मुख्य पात्रं मरण्याचा धोका मुलांच्या सिनेमात अडीच पट निघाला, आणि मरणाऱ्यांत आईबाप पुढं होते.

'बँबी' (१९४२) मध्ये हरणाच्या पाडसाची आई मरते ती दिसत नाही, फक्त गोळीचा आवाज येतो. मोठ्यांना हे संयमाचं वाटतं. चार वर्षांच्या मुलाला मात्र कळतच नाही काय झालं, आणि मग ते सिनेमा संपेपर्यंत "त्याची आई कधी येणार?" म्हणून विचारत राहतं. 'फाइंडिंग नीमो' (२००३) मध्ये आई आणि एक सोडून सगळी अंडी सिनेमाचं नाव पडद्यावर यायच्या आधीच जातात. या एका सिनेमाला तुम्ही उशिरा पोचलात तर उलट बरं.

'द लायन किंग'चं (१९९४) दुखणं वेगळं आहे. सगळे बापाच्या मरणाबद्दल विचारतात. मला त्याच्या पुढची दोन मिनिटं जास्त जड वाटतात. छावा बापाला हलवून उठवायला बघतो, आणि मग काका येऊन त्याच्या डोक्यात भरवतो की हे तुझ्यामुळं झालं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना असंही वाटत असतं की आपण चिडलो, हट्ट केला, म्हणून घरात वाईट घडलं. पडद्यावर एक मोठा माणूस तेच बोलून दाखवतो. तेव्हा पोरानं मरणाबद्दल काही विचारलं नाही तरी घरी गेल्यावर एवढं जरूर सांगा, की काका खोटं बोलत होता, पिल्लाची काही चूक नव्हती. २०१९ मध्ये हीच गोष्ट हुबेहूब खऱ्या दिसणाऱ्या जनावरांत पुन्हा आली. पाचाखालच्या मुलांना मी चित्रातलीच दाखवीन.

सांगायचं कसं? चार वाक्यांत, शेवटासकट. "यात सिंहाचे बाबा मरतात. पिल्लाला खूप वाईट वाटतं. मग त्याला दोन मित्र भेटतात. मोठं होऊन ते घरी परत येतं." गोष्ट फुटली म्हणून लहान मुलांचा विरस होत नाही. एकच गोष्ट रोज रात्री मागणारी ही माणसं आहेत.

सिनेमात पूर आहे. सांगलीच्या मुलांना दाखवावा का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईत कुणी विचारत नसेल. आपल्याकडं विचारलाच पाहिजे.

जपानी अ‍ॅनिमेशनपट 'पोन्यो' (२००८) घ्या. पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट, मारामारी नाही, खलनायक म्हणावा असा कुणी नाही, चित्रं तर डोळे निवावेत अशी. जगभर लहानांचा म्हणून दाखवतात. त्यात वादळी रात्री आई मुलांना उंचावरच्या घरात ठेवून गाडी घेऊन वृद्धाश्रमाकडं जाते. सकाळी उठून बघतात तर दारापर्यंत पाणी. मग मुलं खेळण्यातल्या होडीतून आईला शोधायला निघतात, आणि पुढं आईची गाडी सापडते, रिकामी. आई सुखरूप असते, पण ते नंतर कळतं.

आम्ही हा दाखवला तेव्हा पुढच्या रांगेतला एक मुलगा लाटांकडं बघतच नव्हता. आज्जीच्या कानाशी लागून त्याचं चाललं होतं, "त्यांना वरचा मजला आहे का गं?" मग थोड्या वेळानं, "त्यांचा वरचा मजला पण भरला तर?" त्याचं घर पुराच्या पट्ट्यातल्या कर्नाळ रोडला. आज्जी काय बोलणार! २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ ची. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, गावभागातल्या पोरांनी बोट सिनेमात पाहायच्या आधी दारात पाहिलीय. जी पुरानंतर जन्मली, त्यांनी भिंतीवरची पाण्याची रेघ पाहिलीय आणि घरात दर पावसाळ्यात "आज किती फूट?" ऐकलंय. कोयनेतून किती सोडलं याची चर्चा ज्या घरात जेवताना होते, तिथल्या पोराला पडद्यावरचं पाणी परकं नसतं.

म्हणून आमची रीत अशी. पुराचा, धरण फुटण्याचा किंवा घर वाहून जाण्याचा प्रसंग असला तर तिकीट देतानाच सांगतो. 'फ्रोझन २' मध्ये धरण फुटतं, तेही सांगतो. असले सिनेमे जून ते सप्टेंबरमध्ये लावत नाही. बाहेर पाऊस लागलेला असताना आत लाटा दाखवण्यात काय हशील? मे महिन्यात चालतं. पुरातून गेलेल्या सगळ्याच मुलांना त्रास होतो असंही नाही. काहींना फार बोलायचं असतं आणि त्यांना निमित्त मिळतं. त्या मुलानं घरी जाताना आज्जीला आपल्या म्हशीचं तेव्हा काय केलं, कुठं नेली, कुणी सोडली, हे सगळं विचारून घेतलं म्हणे. तुमचं मूल पाणी चढायला लागलं की मुठी आवळत असेल, बाथरूममध्ये बादली वाहिली तरी ओरडत असेल, तर या खेळाला आणू नका. पुढचा खेळ आहेच.

"हे खोटं आहे रे" म्हणून सांगितलं तरी पटत नाही. का?

पाचाखालच्या मुलाला हे वाक्य तोंडपाठ असतं, तरी त्याची भीती जात नाही. खोटं आहे हे बुद्धीला कळतं, पण पोटात गोळा आलेला असतो. त्या वयात अंगाला लागून असणं कामाला येतं. मांडीवर घ्या, पाण्याचा घोट द्या, हातात रुमाल द्या. डोळे झाकायचे तर झाकू द्या; "बघ, बघ, काही नाही" म्हणून बोटं सोडवू नका. सात-आठच्या पुढं समजावणं लागू पडतं. हे संगणकावर कसं काढतात, आवाज कोण देतं, गर्जना कशाकशापासून बनवतात, हे त्या पोरांना फार आवडतं.

आवाज फार मोठा असतो का?

मल्टिप्लेक्सपेक्षा कमी ठेवतो. तरी अचानक येणारा आवाज हाच लहानांचा पहिला शत्रू, चित्राच्याही आधी. पोरगं कानावर हात ठेवत असेल तर स्पीकरपासून लांब, मागच्या बाजूला बसा. रडू फुटण्याआधी बहुतेक मुलं कानच धरतात, तेवढ्यावर लक्ष ठेवलं तरी पुरे.

अंधार?

पूर्ण करत नाही. दाराजवळचे दिवे चालू असतात.

मोठा आठ वर्षांचा, धाकटी साडेतीनची. दोघांना एकच सिनेमा कसा चालेल?

चालत नाही, खरं सांगायचं तर. धाकटीच्या हिशोबानं निवडला तर मोठा कंटाळून खुर्च्यांवर चढतो, आणि मोठ्याच्या हिशोबानं निवडला तर तुम्ही अर्धा वेळ धाकटीला घेऊन व्हरांड्यात. घरातलं आणखी एक माणूस सोबत आणा आणि कडेच्या खुर्च्या घ्या. एकटेच येणार असाल तर धाकटीचा सिनेमा निवडा. कंटाळा घरी गेल्यावर विसरतो.

आणि मोठ्याला सांगून ठेवा, "भित्री, भित्री" म्हणायचं नाही. भीतीपेक्षा त्या चिडवण्यानंच पोरं जास्त दुखावतात, आणि पुढच्या वेळी भ्यालं तरी गप्प बसतात. गप्प बसलेलं मूल सांभाळायला अवघड.

जुने मराठी कौटुंबिक सिनेमे तरी लहानांना चालतील?

कौटुंबिक म्हणजे सगळ्या कुटुंबानं एकत्र बसून रडायचं, असा आपल्याकडचा पूर्वापार अर्थ आहे. 'श्यामची आई' (१९५३) हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. आज्जी-आजोबा फार प्रेमानं नातवंडांना घेऊन येतात. पण गरिबी, अपमान, आजारपण आणि शेवटी आईचं जाणं, हे सगळं त्यात आहे, आणि सावकाश आहे. आठच्या पुढं, घरातल्या मोठ्यांसोबत. तोच मान मराठीला पुन्हा मिळवून देणारा 'श्वास' (२००४) त्याहून जड. मूल लहान आहे म्हणून सिनेमा लहानांचा ठरत नाही. डोळ्याच्या कॅन्सरमुळं नातवाची दृष्टी जाणार, जीव वाचवायचा तर तेवढाच मार्ग, आणि हे त्याला सांगायचं आजोबांनी. उत्तम सिनेमा आहे. दहाच्या आतल्यांना आम्ही तिकीट देत नाही, रागावलात तरी.

आमचे आजोबा म्हणतात, "आम्ही काय कमी भ्यालो? काय वाईट झालं?"

आजोबांचं अगदीच चूक नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, आणि त्या काळच्या पौराणिक नाटकांत तोंड रंगवलेले राक्षस "अलललल डुर्र" करत तलवारी परजत रंगमंचावर यायचे. पोरं किंचाळत असणार आणि पुढच्या खेळाला पुन्हा येत असणार. तेव्हा लहानांना घाबरवण्याची परंपरा आपल्या गावाला आहेच.

फरक एवढाच की तिथं पोर चुलत्याच्या खांद्यावर असायचं, चहूबाजूंनी माणसं दिसायची, आणि राक्षस झालेला माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात भेटायचा. आजोबांना बरोबर आणा. तेच शेजारी बसले तर निम्मं काम होतं.

प्राण्यांना लागतं, मारतात, असं असेल तर?

माणूस मेला तर सोसणारी मुलं कुत्रा लंगडला तरी हमसून रडतात. आम्ही आधी सांगतो, आणि प्राणी शेवटी वाचतो की नाही तेही सांगतो. सापांबद्दल विचाराल, तर बत्तीस शिराळ्याकडून येणाऱ्या पोरांना पडद्यावरचा साप घाबरवत नाही. ती मोठ्यानं त्या सापाची जात सांगतात.

घरात नुकतंच कुणी गेलंय. मन रमेल म्हणून आणावं का?

हसण्याखेळण्याचा असेल तर जरूर आणा. मरणाचा प्रसंग असलेला मात्र काही महिने नको. 'कोको' (२०१७) रंगीबेरंगी आहे, सांगाडे नाचतात-गातात, एरवी मुलं मजेत बघतात. पण त्यातली कल्पना अशी, की मेलेल्याला जिवंतांनी विसरलं की तो कायमचा नाहीसा होतो. आजोबांना जाऊन पंधरा दिवस झालेल्या मुलाच्या डोक्यावर आठवण ठेवण्याचं ओझं कशाला? वर्षश्राद्धानंतर तोच सिनेमा फार चांगला ठरेल, तेव्हा आजोबांचा फोटोही काढून बसा.

घरी ओटीटीवर दाखवलं तर बरं नाही का?

एक फायदा मोठा: थांबवता येतं. दिवे चालू, टीव्ही लहान, स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी येतेय, अशात भीती फार टिकत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीला वयाच्या वर्गासोबत त्यात काय आहे तेही सुरुवातीला दाखवावं लागतं, आणि 'यूए १३+' पासून पुढच्या गोष्टींना पालकांचं कुलूप ठेवावं लागतं. ते कुलूप लावून घ्या. फोनचा पासवर्ड पोरांना पाठ असतो, म्हणून वेगळा ठेवा.

तोटाही आहे. सिनेमा लावून आपण भाजी निवडायला उठतो. मूल एकटंच बघतं आणि घाबरलं तर रिमोटनं तोच प्रसंग पुन्हा पुन्हा लावतं. काहींचा तो भीती जिरवायचा मार्ग असतो, तेव्हा हिसकावून घेऊ नका, शेजारी जाऊन बसा.

सिनेमा बघितल्यापासून रात्री ओरडत उठते. काय करावं?

आधी केव्हा उठते ते बघा. पहाटेकडं उठून, तुम्हाला ओळखून, बिलगून "तो आला होता" म्हणून सांगत असेल, तर ते वाईट स्वप्न. जवळ घ्या, दिवा लावा, सकाळी त्याचं चित्र काढायला लावा आणि त्या राक्षसाला मिशा, फ्रॉक, जे हवं ते घालू द्या. झोपून एक-दोन तासांत किंचाळत उठली, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही, आणि सकाळी काही आठवत नाही, तर तो प्रकार वेगळा. तेव्हा गदागदा हलवून जागं करू नका. पडणार नाही, लागणार नाही एवढं बघा, थोड्या वेळात आपोआप झोपते. झोप अपुरी झाली, ताप आला तरी असं होतं. दरवेळी सिनेमाच कारण असतो असं नाही.

चार-सहा दिवसांत ओसरतं. आठवड्यांमागून आठवडे चाललं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, शाळेत जायला नको म्हणू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नजर उतरवायची तर उतरवा, पण डॉक्टरही गाठा.

म्हणजे भीतीच नको, असं तुमचं म्हणणं?

छे! अजिबात भीती नसलेला सिनेमा पोरं दहा मिनिटांत सोडतात. आईच्या हाताला धरून, शेवट गोड होणार हे माहीत असताना घाबरणं त्यांना आवडतं; म्हणून तर "परत सांग, वाघ येतो ते परत सांग" चालतं. आम्ही प्रसंग कापत नाही. तुम्हाला आधी कळावं, एवढंच बघतो.

आम्हीच आधी बघून ठरवायचं म्हटलं तर? दोन तास कुठून आणू?

सगळा बघू नका. पहिली पंधरा मिनिटं बघा, कारण आईबाप जायचे तर तिथंच जातात. मग शेवटच्या अर्ध्या तासाच्या सुरुवातीला या. सगळं बिनसतं ते तिथं. आवाज बंद करून एकदा बघा, म्हणजे चेहरे किती भयानक आहेत ते दिसेल, आणि तोच भाग पडद्याकडं पाठ करून फक्त ऐका. ट्रेलरवर जाऊ नका, त्यात विनोद तेवढे असतात.

मध्येच उठून जावं लागलं तर पैसे परत मिळतात?

मध्यंतराच्या आत निघालात तर त्याच तिकिटावर दुसऱ्या कुठल्याही रविवारी या. मध्यंतरानंतर नाही. पोर परत आत यायचं म्हणालं तर दार उघडंच असतं, बरीच मुलं व्हरांड्यात भडंग खाऊन पाच मिनिटांनी "आता गेला का तो?" म्हणून डोकावतात. तेव्हा लगेच गाडी काढू नका.